हातात कंदील असताना

"तिथं डांब नको," आबा म्हणाले.

त्यांचं बोट माझ्या कागदावरच्या आठव्या फुलीवर होतं. प्रत्येक फुली म्हणजे विजेचा एक डांब, एक खांब. ही आठवी बारवेच्या तोंडाशी होती. आधीच्या सात फुल्यांना त्यांनी नुसती मान हलवली होती. चावडी, शाळा, मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, खालची वस्ती, कशालाच त्यांची हरकत नव्हती.

"आबा, बाकीच्या गावांत लोक पहिला दिवा विहिरीवर मागतात," मी म्हणालो.

"मागत असतील."

"बायकांना संध्याकाळचं पाणी..."

"संध्याकाळी तिथं कुणी जात नाही. दिवस मावळला की बारव बंद. आठवा डांब माझ्या दारात रोवा, नाहीतर रोवूच नका." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली आणि ते उठले.

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची. मी, भानुदास ढवळे, तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. लाईनमन म्हणून लागून दीड वर्ष झालं होतं. मराठवाड्यातल्या वडजळी नावाच्या गावात वीज यायची होती. आमची टोळी शेजारच्या गावात तारा ओढत होती, आणि खांबांच्या जागा आखून खड्डे खणून घ्यायला मला एकट्याला पुढं पाठवलं होतं. मुक्काम सरपंचांच्या ओसरीवर. सरपंच म्हणजे हेच अंबादासराव. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. साठीकडे झुकलेला, उंच, शब्द मोजून वापरणारा माणूस. घरात ते आणि त्यांची बायको कौसाबाई, दोघंच.

माणूस वाईट नव्हता, हे मला दोन दिवसांत कळलं होतं. मजुरांना उन्हात पाणी पोचलं का हे ते स्वतः बघायचे. खालच्या वस्तीला दोन दिवे हवेत असं त्यांनीच सुचवलं होतं, आणि त्या काळात असं सुचवणारा सरपंच मी दुसरा पाहिला नव्हता. म्हणून बारवेचं मला कोडं पडलं.

बारव त्यांच्या घराच्या मागच्या अंगालाच होती. जुनी, दगडी, चांगली खोल. आत उतरायला भिंतीला धरून अरुंद पायऱ्या. एका बाजूला भिंत आणि दुसरी बाजू उघडी, सरळ खाली पाणी. गावाला पिण्याचं पाणी तेवढं एकच. रोज दिवस मावळताना आबा स्वतः जायचे आणि बाभळीच्या दोन मोठ्या काट्या बारवेच्या तोंडावर आडव्या टाकून यायचे. सकाळी उजाडल्यावर त्याच काट्या स्वतःच ओढून बाजूला करायचे. यात एक दिवस खंड नाही.

खड्ड्यांच्या कामावर हरणाबाई नावाची एक बाई होती. पस्तिशीची असेल, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. तिसऱ्या दिवशी मातीची पाटी रिकामी करता करता तिनं मला विचारलं, "वायरमनदादा, बारवेवर दिवा येणार का ओ?"

"आबा नको म्हणतात."

तिनं पाटी खाली टेकवली. "आम्ही दिवस बुडेस्तोवर दुसऱ्याच्या रानात. घरी यावं तर बारवेला काट्या लागलेल्या. मग काय, हळूच काटी सारायची आणि चोरासारखं उतरायचं. आपल्याच गावाचं पाणी, पण चोरून."

"अंधारात उतरता?"

"उतरतो की. भिंतीला हात लावून, पायानं पायरी चाचपत."

"आबांना सांगितलं नाही कधी?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी भलतंच बोललो होतो. "त्यांना कोण सांगणार?" एवढंच म्हणून तिनं पाटी उचलली.

चौथ्या दिवशीची संध्याकाळ. मार्गशीर्षातले दिवस लहान. शेवटच्या खड्ड्याचं माप घेऊन मी कंदील हातात धरून परतत होतो, तर बारवेपाशी हरणाबाई उभी. काखेत रिकामी घागर. तोंडावर काट्या लागलेल्या होत्या. तिची नजर आबांच्या परसाकडं होती. परसात आबा गाईला वैरण टाकताना दिसत होते.

"अजून आत जाईनात," ती हळू आवाजात म्हणाली. "घरात पाण्याचा थेंब नाही. म्हातारी तापानं फणफणलीय."

तरुण वय. सरकारी कामावरचा माणूस म्हणून गावात मिळणारा मान. मी म्हणालो, "द्या ती घागर. मला कोण काय म्हणणार?"

"नको दादा, तुम्हाला पायऱ्या ठाऊक नाहीत."

"चार दिवस रोज सकाळी तिथंच तर आंघोळीचं पाणी काढतोय."

"मग कंदील तरी ठेवा इथं."

मला हसू आलं. "अहो, अंधारात कंदील ठेवून जायचं? उजेड आहे तर बरंच आहे की." मी काटी सारली आणि उतरलो.

उतरताना काही झालं नाही. घागर रिकामी होती, ती मनगटात अडकवून मी भिंतीला टेकत टेकत गेलो. घागर बुडवली, भरली, डाव्या खांद्यावर घेतली, डाव्या हातानं तिचा काठ धरला. उजव्या हातात कंदील. तसाच वर चढू लागलो.

त्या पायऱ्यांपैकी एक पायरी अर्धी ढासळलेली होती. उघड्या बाजूचा दगडच गळून पडला होता. दिवसा ते लांबून दिसायचं आणि पाऊल आपोआप भिंतीकडं पडायचं. मलाही ते माहीत होतं. पण कंदील गुडघ्याशी होता. त्याचा उजेड आधी माझ्याच डोळ्यांत येत होता आणि माझ्याच पायाची सावली पुढच्या पायरीवर पडत होती. प्रत्येक पायरी अर्धी काळी, अर्धी पिवळी. कुठला काळा भाग सावलीचा आणि कुठला पोकळीचा, ते कळायला मार्ग नव्हता. मला पायरी दिसली. अगदी स्पष्ट दिसली. मी पाय टाकला आणि खाली काहीच नव्हतं.

घागर गेली, कंदील गेला. काच फुटल्याचा आणि ज्योत पाण्यात विझल्याचा चर्र आवाज मला पडता पडता ऐकू आला. खांदा दगडावर आपटला. मग ते पाणी. मार्गशीर्षातलं पाणी, छातीतला श्वासच गोठला. पोहता मला जेमतेम यायचं, पण पोहायचं कुणीकडं? चारी बाजूंनी काळोख आणि हाताला लागेल तिथं शेवाळलेला दगड. पायऱ्या कुठल्या बाजूला, तेच कळेना. वरून हरणाबाईचा आकांत. बारवेत तो असा घुमत होता की तो कुठून येतोय तेही समजत नव्हतं. मी दोनदा खाली गेलो.

मग एक आवाज आला. जवळून आणि शांत. "इकडं ये. माझ्या आवाजाकडं ये. बोलत राहतो मी. ये, ये, असा ये."

त्या आवाजाकडं मी हात मारले. तोंडावर काहीतरी ओलं कापड आदळलं. आबांचं मुंडासं. ते धरलं, आणि त्या साठीच्या माणसानं मला पायरीवर ओढून घेतलं. ते कंदील न घेता, अंधारात, भिंत चाचपत उतरले होते.

मी पाणी ओकत होतो. कपाळावरून काहीतरी गरम वाहत होतं. आणि आबांनी माझा सदरा दोन्ही मुठींत धरला होता.

"कामून केलंस?" ते म्हणाले. "कुणी बोललं का तुला काही? घरचा काही कागद आला का? मी बोललो त्याचा राग आला का?"

मला काही समजेना. "काय केलं आबा?"

"उडी कामून टाकलीस?"

"उडी?" मला धड बोलता येत नव्हतं, दात वाजत होते. "उडी कशाला टाकू? पाय गेला. ती तुटकी पायरी..."

"हातात कंदील होता तुझ्या. मी वरून पाहिलं. उजेड दिसत होता."

"कंदील होता म्हणून तर, आबा! पायरी आहे असं दिसलं. नव्हतीच."

त्यांच्या मुठी सुटल्या नाहीत. अंधारात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. हरणाबाई वरून हाका मारत होती. शेवटी मीच ओरडून सांगितलं, "आहे, जिवंत आहे!"

रात्री चुलीपुढं कौसाबाईंनी माझ्या कपाळावर हळद भरली. घोंगडी पांघरून मी शेकत होतो. आबा घरात आले नव्हते, बाहेर ओसरीवर अंधारात बसून होते. मी कौसाबाईंना मावशी म्हणायचो.

"मावशी, आबांनी मला असं का विचारलं?"

त्या चिमट्यानं निखारे पुढं ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची सोजर. एकच लेक. तिचं लग्न करून दिलं, दोन वर्षं झाली होती. सहा वर्षांमागं पंचमीला आली होती माहेरी. दिवस मावळता मावळता पाण्याला गेली. ती आलीच नाही."

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"आभाळ भरून आलेलं, म्हणून मीच म्हणाले, कंदील ने गं. मीच पेटवून दिला तिच्या हातात. दुसऱ्या दिवशी गळ टाकून घागर काढली, कंदील काढला. तेवढ्यावरून सगळं गाव म्हणालं, हातात कंदील असताना माणूस पडतो कसा? आणि पायऱ्या तर तिच्या जन्माच्या ओळखीच्या. म्हणजे उडीच टाकली. सासरी जाच असणार."

"होता का जाच?"

"मला तर कधी बोलली नाही. हसत यायची, हसत जायची. मी यांना म्हणायची, अहो, पाय घसरला असंल. जीव द्यायला निघालेली पोर घागर भरत बसती का? हे म्हणायचे, बुडालेली घागर भरलेलीच निघती." त्यांनी पदरानं डोळे टिपले नाहीत, नुसत्या जाळाकडं बघत राहिल्या. "त्या दिवशी दुपारी ती बापाला म्हणाली होती, आबा, आणखी चार दिवस राहते. हे म्हणाले, माणसं बोलावतात तर जावं, उद्या निघायचं. तेवढंच. पण तेव्हापासून हे स्वतःला खात्यात. सहा वर्षं."

"आणि सासरचे?"

"त्यांचं काय, मातीच्या दिवशीच जावयाच्या तोंडात मारलं ह्यांनी, सगळ्या गावादेखत. म्हणाले, माझी लेक तुम्ही खाल्ली. तेव्हापासून त्या घराचं तोंड पाहिलं नाही."

घोंगडीतही मला हुडहुडी भरली. मला वाटलं होतं मी एका बाईला घागरभर पाणी आणून देतोय.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला कामावर जाऊ दिलं नाही, पडून राहा म्हणाले. दिवस कलल्यावर ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. हातात घागर, दुसऱ्या हातात पेटवलेला कंदील, खांद्यावर नाडा.

"चल," म्हणाले. "हा नाडा माझ्या कमरेला बांध आणि वर धरून उभा राहा."

"आबा, कशाला?"

"बघायचंय मला."

बारवेच्या तोंडाशी कौसाबाई आल्या. हरणाबाई आली. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मी नाड्याचं एक टोक दगडी खुंट्याला आवळलं आणि मधला भाग हातात धरला. आबा उतरले. खाली पाण्यावर कंदील डुगडुगताना दिसत होता. घागर भरल्याचा आवाज आला. मग उजेड वर सरकू लागला. एक पायरी, आणखी एक. माझे हात नाड्याला चिकटले होते.

उजेड थांबला.

नाड्याला हिसका बसला नाही. आबांचा पाय पुढं गेला होता आणि हवेतच राहिला होता. त्यांनी तो मागं घेतला. कंदील खाली-वर केला. परत पाय पुढं नेला, परत मागं घेतला. घागर त्यांनी सोडून दिली. धप्पकन ती पाण्यात गेली. मग त्यांनी कंदील पायरीवर ठेवला आणि मोकळ्या हातानं तो तुटका दगड चाचपला, कडेपासून कडेपर्यंत, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा.

"दिसत नाही, कौसा," खालून आवाज आला. "पायरी आहे असंच दिसतं गं."

कौसाबाई बारवेच्या तोंडाशीच खाली बसल्या.

हरणाबाई मोठ्यानं म्हणाली, खाली ऐकू जाईल अशी, "आबा, म्हणून तर आम्ही कुणी कंदील नेत नाही. एक हात घागरीला लागतो, एक भिंतीला. कंदील घेतला की भिंत सुटली. आणि नजर उजेडावर भरवसा ठेवती. नुसत्या अंधारात पाय तरी शहाणा असतो."

"मग तेव्हा कामून बोलली नाहीस?" आबांनी खालून विचारलं.

"तुम्ही कुठं कुणाला बोलू दिलं आबा?"

आबा वर आले तेव्हा कंदील खालीच त्या पायरीवर राहिला होता. त्यांनी बायकोच्या डोक्यावर हात ठेवला. मी आणि हरणाबाई तिथून निघून आलो. मागं दोघं बराच वेळ बसून होते.

सकाळी बैलगाडी जुंपलेली. आबा म्हणाले, "भानुदास, खड्डे एक दिवस थांबतील. माझ्यासोबत चल. माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास का ठेवावा? तू सांग. तू पडला आहेस."

चार कोसांवर जावयाचं गाव. वाटेत ते एवढंच बोलले, "त्याच्या दुसऱ्या लग्नासाठी दोन ठिकाणी बोलणी झाली होती. दोन्ही ठिकाणी लोकांनी येऊन मला विचारलं, माणसं कशी आहेत. मी सांगितलं, मुलगी द्यायची असेल तर विहिरीत द्या."

जावयाचं नाव केरबा. ज्वारीच्या रानात पाखरं राखत होता. तिशीचा असेल, पण चाळिशीचा दिसत होता. आबांना पाहून तो मचाणावरून उतरला आणि हातातली गोफण धरून उभाच राहिला. पुढं आला नाही, मागं गेला नाही. मार खायची तयारी असलेला माणूस उभा राहतो तसा.

आबा त्याच्यापुढं जाऊन थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सांग रे."

मी सांगितलं. कंदील कुठल्या हातात होता, घागर कुठल्या खांद्यावर होती, उजेड कसा पडत होता, पायरी कशी दिसली. कपाळावरची पट्टी सोडून जखम दाखवली. काल आबांचा पाय कसा त्याच जागी हवेत राहिला तेही सांगितलं. सांगताना मला जाणवलं, की केरबाचे डोळे माझ्यावर नव्हतेच, आबांवर होते.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तिनं उडी टाकली नाही."

"नाही," आबा म्हणाले.

"नक्की?"

"मी स्वतः पाय टाकून बघितला, केरबा."

तो मटकन ढेकळांत बसला. गोफण मांडीवर ठेवली. "मी तिला निरोप धाडला होता," तो म्हणाला. "घ्यायला येतो म्हणून. तिनं उलट सांगितलं, आणखी चार दिवस राहते. मला राग आला. सोंगणीचे दिवस नव्हते, काही नव्हतं, उगीच राग. मी निरोप्याला म्हणालो, तिला सांग, मग तिकडंच राहा कायमची." त्यानं तोंड पुसलं. "तो निरोप तिला पोचला का नाही, हे मला आजवर कुणाला विचारता आलं नाही. तुम्ही मला मारलंत तेव्हा वाटलं, पोचला असणार. बरोबर मारलंत."

"तो निरोप नव्हता पोचला," आबा म्हणाले. "निरोप्या परत आमच्याकडं आलाच नव्हता. तिला जा म्हणणारा मी होतो. मला वाटत होतं, मी म्हणालो म्हणून..."

सहा वर्षं हे दोन पुरुष चार कोसांच्या अंतरावर तीच एक गोष्ट उराशी धरून बसले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ती आपली एकट्याची आहे. आबाही हळूहळू खाली बसले, गुडघ्यांवर हात टेकत. त्यांनी केरबाच्या गालावर हात ठेवला, ज्या गालावर मारलं होतं त्याच, आणि तो तिथंच राहू दिला. मी तोंड फिरवून ज्वारीकडं बघत राहिलो. पाखरं कणसांवर उतरली होती, आणि त्यांना हाकलायचं कुणालाच सुचत नव्हतं.

परतताना केरबाची आई आम्हाला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडेना. वाढताना ती आबांशी एक शब्द बोलली नाही, पण दुसऱ्यांदा भाकरी न विचारता त्यांच्या ताटात टाकली.

वडजळीत पोचल्यावर आबांनी माझा कागद मागितला. त्यांच्या दारापुढची फुली खोडली आणि बारवेच्या तोंडाशी स्वतः नवी काढली, जाड, कागद फाटेल अशी. म्हणाले, "दिवा उंच पाहिजे. खालच्या पायरीपर्यंत उजेड गेला पाहिजे. आणि माणसाच्या हातात धरायचा नाही."

"आबा, खांबावर असतो तो. कुणाच्या हातात नसतो."

"तेच म्हणतोय मी."

तो खांब मी स्वतः उभा केला. टोळी आल्यावर फोरमननं विचारलं, एवढा पुढं कशाला घेतलास? मी म्हणालो, जमीन तिथं कठीण आहे. खांबावरचा, दिवा टांगायचा आडवा लोखंडी हात नेहमीपेक्षा दीड फूट लांब ठेवला, बारवेच्या आत डोकावेल असा. नियमात बसत नव्हतं, पण फोरमननं पाहून न पाहिल्यासारखं केलं. तोवर आबांनी गवंडी बोलावून ती तुटकी पायरी बांधून घेतली. मी म्हणालो, "आता पायरी झाली, दिव्याची गरज तेवढी राहिली नाही." ते म्हणाले, "दगड परत ढासळतील. दिसलं पाहिजे."

माघात वीज आली. कार्यक्रम चावडीवर होता. तालुक्याहून साहेब आले होते, हारतुरे, भाषण, नारळ. सरपंच म्हणून आबांनी बटण दाबायचं होतं. ऐन वेळी त्यांनी खालच्या वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पुढं केलं आणि स्वतः गर्दीतून निघून गेले. मी त्यांच्या मागं गेलो.

बारवेच्या काठावर कौसाबाई उभ्या होत्या, घागर घेऊन. केरबा आला होता, थोडा लांब, देवळाच्या कट्ट्याशी. काट्या त्या दिवशी टाकल्याच नव्हत्या. अंधार पडत होता.

चावडीकडून आरोळी उठली आणि तेवढ्यात आमच्या डोक्यावरचा दिवा लागला. पिवळा, साधा, पत्र्याच्या टोपीखालचा. मी त्याआधी शेकडो दिवे लागताना पाहिले होते. पण खाली पायऱ्या एकेक करून दिसल्या, वरपासून पाण्यापर्यंत, प्रत्येकीची कड वेगळी, आणि कुणाच्याही पायाची सावली पुढं आडवी येत नव्हती. ते मात्र मी पहिल्यांदा पाहिलं.

कौसाबाई उतरल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. मोकळा हात भिंतीवरून फिरवत, न थांबता. त्या बांधलेल्या पायरीवर त्या थांबल्या, खाली वाकल्या, दगडाला हात लावून कपाळाला लावला, आणि पुढं गेल्या. घागर भरून वर आल्या तेव्हा आबांनी ती त्यांच्या कमरेवरून उतरवून घेतली. नंतर दोघांनी मिळून केरबाला जेवायला हाक मारली.

मी आणखी आठ दिवस त्या गावात होतो, नंतर बदल्या होत गेल्या आणि नोकरीत उभा जिल्हा पालथा घातला. केरबाचं पुढं लग्न झालं. मुलगी आबांनीच पाहिली आणि अक्षता टाकायला मामाच्या जागी तेच उभे राहिले, असं मला हरणाबाईकडून कळलं.

वडजळी सोडायच्या आदल्या संध्याकाळची एक आठवण तेवढी सांगतो. मी आणि आबा ओसरीवर बसलो होतो. दिवस बुडून तासभर झाला असेल. मागच्या बाजूनं एकाएकी मोठा गलका आला. बारवेवर पाच-सात बायका नंबरावरून कडाकडा भांडत होत्या. त्यात हरणाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. कुणाची तरी घागर कुणीतरी सरकवली होती आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मी उठायला लागलो. म्हटलं, जाऊन गप्प करतो.

आबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "भांडू दे त्यांना."

आणि भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून, ते ऐकत बसले.